गेणबाची एकवीस गाठींची लाइन

गेणबा कोळप्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तो इंग्रजी आहे हे त्याला नोकरीच्या नवव्या वर्षी कळलं. तोपर्यंत 'लाइन' हा शब्द आपल्याच आज्या-पणज्यांनी मेंढरांबरोबर माळामाळानं हिंडवत इथवर आणला असावा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. नवव्या वर्षी एका साहेबानं खरं सांगितलं. गेणबानं दोन दिवस त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "इंग्रज गेला, शब्द ठिवून गेला. आता आमचाच."

तो रेल्वेत चावीवाला होता. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेले असतात त्या रोज चालत जाऊन तपासायच्या, ढिली दिसली की हातोडा मारून घट्ट करायची, हे त्याचं काम. खांद्यावर हातोडा, काखेत लाल आणि हिरवं निशाण, आणि सहा किलोमीटरचा तुकडा. तेवढंच परत येणं. एकतीस वर्षांच्या या चालण्याचा कुणीतरी हिशेब केला तेव्हा गेणबानं पृथ्वीला जवळजवळ पावणेतीन फेऱ्या घातल्याचं निघालं. एवढं चालून तो रोज संध्याकाळी भांडगावातच सापडायचा.

घरात बायको धुरपदा, दोन गाया, थोडी मेंढरं आणि एक मेंढा. मेंढ्याचं नाव इंजान. हे पिल्लू त्याला सात वर्षांपूर्वी दोन रुळांच्या मधोमध उभं असलेलं सापडलं होतं. समोरून मालगाडी येत होती आणि पिल्लू डोकं खाली घालून तिला टक्कर द्यायच्या तयारीत होतं. गेणबानं लाल निशाण दाखवायच्या आधी पिल्लाला उचललं, म्हणून गाडी वेळेवर दौंडला पोचली. गेणबाच्या मते गाडी वाचली. पुढं इंजान एवढा दांडगा झाला की माणसं पाहुण्यांना देऊळ दाखवून झालं की इंजान दाखवायला आणत.

आता पैजेकडं येऊ. साल दोन हजार दोन, चैत्राची सुरुवात. हायवेवर जालिंदरचं चहाचं हॉटेल होतं, तिथं हौसराव आले. हौसराव म्हणजे उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. नदीवरून पाच हजार फूट पाइप टाकून त्यांनी माळावर ऊस उभा केला होता, आणि त्या पाइपाबद्दल ते थोरल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलत.

"जालिंदर, अर्धा चहा दे," ते बसत म्हणाले. "डोकं उठलंय. लाइन फुटली माझी."

गेणबा नुकताच रुळावरून आला होता. बशीतला चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "आबा, तुमचा पाइप फुटला. लाइन आमची."

"का रं? लाइन काय रेल्वेनं इकत घेतलीय?"

"आमची आधी पडली. इंग्रजानं ती टाकली तवा तुमच्या आज्याकडं मोट व्हती."

हॉटेलातली माणसं हसली. हौसरावांच्या आज्याकडं मोट होती हे खरं होतं, त्यामुळं ते जास्त लागलं.

"बरं बाबा," हौसराव म्हणाले, "एक अर्थ तुझा, एक माझा. झाले दोन. वाटून घेऊ."

इथं विषय मिटला असता. पण गेणबाला लहान आकडा बोलता येत नसे. दोन मेंढ्या व्यायल्या तर तो 'कळप वाढला' म्हणे.

"दोन?" तो म्हणाला. "शे-दीडशे असत्याल."

"शंभर दाखव."

"शंभर ऱ्हाऊ द्या. एकवीस तर कुठं जात न्हाईत."

हौसरावांनी कप खाली ठेवला. इंजान त्यांनी दोनदा मागितला होता, दोनदा गेणबानं विषय बदलला होता. "मग लाव पैज," ते म्हणाले. "बिरोबाच्या जत्रंला तीन आठवडं हायेत. नदीवरची मोटार उन्हाळाभर चालू दे म्हणून मी मेंढा बोललोय देवाला. तू एकवीस आणले न्हाईस, तर तो मेंढा म्हंजी तुझा इंजान."

जालिंदरनं स्टोव्ह बारीक केला.

"आन् आणले तर?" गेणबानं विचारलं.

"माग काय मागायचं ते."

एरवी गेणबानं विमान मागितलं असतं. पण धुरपदा रोज पाऊण मैलावरच्या विहिरीवरून हंडा आणते हे त्याला त्या क्षणी आठवलं. "तुमच्या लायनीवरनं एक नळ," तो म्हणाला. "माझ्या वस्तीवर. तोटी धुरपदाच्या हाताला यील अशी."

'तुमच्या लायनीवरनं' म्हणताना भांडणाचा मूळ मुद्दा त्यानं जागच्या जागी सोडून दिला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळी पडली.

पंच म्हणून सायलीला नेमलं. ती हौसरावांची नात, शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी. गावात तिच्याकडं दोन किलोची डिक्शनरी होती आणि ती खरोखरच उघडली जाते असा लौकिक होता. आजोबांची नात पंच कशी, असं जालिंदरनं विचारलं, तेव्हा गेणबाच म्हणाला, "पोरगी आज्याच्या वर हाय. चालंल." हौसरावांनाही तीच भीती असावी.

सायलीनं नियम सांगितले. पुस्तकातला अर्थ चालणार नाही. जो माणूस तो शब्द रोजच्या जगण्यात वापरतो, त्याच्या तोंडून तो यायला हवा. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढं सगळे अर्थ, माणसासकट, क्रमानं सांगायचे.

"आन् मामा, लिहून ठेवा," ती म्हणाली. "एकवीस म्हणजे थोडे नाहीत."

"लिव्हायचं कशाला?" गेणबा म्हणाला. "माझा बाप दोनशे मेंढरं चारायचा. कोण कवा व्याली, कोण लंगडी, समदं दोरीवर असायचं."

हे खरं होतं. धनगरांच्या जुन्या माणसांत लोकरीच्या दोरीला गाठी मारून लक्षात ठेवायची रीत होती, आणि गेणबा चौथी शिकलेला असूनही त्याचा कागदापेक्षा दोरीवर जास्त विश्वास होता. कागद भिजतो, उंदीर खातो, साहेब मागतो. दोरीला यातलं काही होत नाही. त्यानं वाव-दीड वावभर, म्हणजे चार-सहा हात काळी दोरी काढली आणि कमरेला गुंडाळली. प्रत्येक गाठीत त्या-त्या माणसाकडची बारीकशी वस्तू अडकवायची, म्हणजे बोट लागलं की माणूस आठवतो. पहिल्या गाठीत त्यानं रुळावरचं ग्रीस भरलं. दुसरीत हौसरावांच्या फुटक्या पाइपाचा तुकडा.

पुढचे तीन आठवडे गेणबानं जे केलं त्याला रेल्वेच्या भाषेत अर्जित रजा म्हणतात.

सुरुवात सोपी गेली. गावातला वायरमन म्हणाला, "लाइन म्हंजी लाइट. ती गेली की लोक माझ्या घरी येत्यात, आली की कुणी येत न्हाई." गाठीत तांब्याची तार. शाळेतलं पोरगं म्हणालं, "लायनीच्या बाहेर लिवलं की मास्तर मारत्यात," आणि गाठीत पेन्सिलीचं टोक गेलं. रेशन दुकानापुढं गिताबाई रॉकेलचा डबा घेऊन उभी होती. तिच्यामते लाइन म्हणजे जी आपण आलो की मोडते ती. त्या गाठीला रॉकेलचा वास लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

मग तो दौंडला गेला. जंक्शनच्या गावात हा शब्द रस्त्यावर पडलेला सापडेल, असं त्याला वाटलं होतं, आणि तसंच झालं. एका ड्रायव्हरची बायको म्हणाली, "आमी लायनीत ऱ्हातो, तिसऱ्या," म्हणजे क्वार्टरच्या चाळीत. तिच्या दारातल्या रंगाचा पोपडा गाठीत गेला. दवाखान्यातल्या नर्सनं एका म्हाताऱ्याच्या हातात सुई घालत "लाइन मिळाली बाई एकदाची" असा सुस्कारा सोडला आणि गेणबा एवढा खूश झाला की म्हाताऱ्यालाच शाबासकी देऊन आला. पानपट्टीवाल्यानं विचारलं, "पोरगं कुठल्या लायनीत हाय तुमचं?" गेणबाला पोरगं नव्हतं. त्यानं त्या माणसाला मिठी मारली.

एक अर्थ मात्र हाताला लागेना. सगळ्यांना माहीत, पण कबूल करायला कुणी तयार नाही. "लाइन मारणारा माणूस पायजे," असं गेणबा दौंडच्या स्टेशनाबाहेर उघड विचारत होता, त्यामुळं एकदा हवालदारानंही चौकशी केली. शेवटी पोपटराव नावाचे निवृत्त तिकीट तपासनीस पुढं आले. वय अडुसष्ट, धोतराची निरी कडक.

"मी मारली," ते छाती काढून म्हणाले. "बासष्ट सालापासून."

"आन् मग?"

"मग काय? अजून चालू हाय."

आतून बांगड्यांचा आवाज आला. "चहा निवतोय," एक बाई म्हणाली, "आन् लोकास्नी काहीबाही सांगू नका." पोपटरावांनी गेणबाकडं बघून भुवया उडवल्या. चाळीस वर्षांचा पुरावा चहा घेऊन बाहेर आला. गेणबानं बाईंच्या अंबाड्यातल्या गजऱ्यातलं एक फूल मागून घेतलं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तर दिवसात चार गाठी झाल्या. एक जीपवाला म्हणाला, की त्याची गाडी लाइनची आहे, म्हणजे ठरल्या रस्त्यावर सीट भरणारी, शाळेच्या पोरांची नाही. एक शिंपी ब्लाउजला आतून लावायच्या कापडाला लायनिंग म्हणत होता. ही लाइनची नातलग आहे, लाइन नव्हे, अशी गेणबाला शंका आली, पण शिंप्यानं पाहुणी घरातलीच असते असं सांगून ती मिटवली. ज्योतिषानं गेणबाचा हात बघितला, त्याच्या आयुष्याची लाइन फार लांब निघाली. "आसंल," गेणबा म्हणाला, "रोज बारा किलोमीटर हाय." एक गवंडी दोन खुंट्यांना सुतळी ताणून वीट लावत होता.

"ही लाइनदोरी," तो म्हणाला. "हिच्याबिगर भिताड वाकडं."

"म्हंजी लाइन म्हंजी नुसती दोरी?"

"नुसती काय? दोरीच असती."

गेणबानं आपली कमरेची दोरी चाचपली आणि उगाच खुदकन हसला. का हसला ते त्यालाही सांगता आलं नाही. गवंड्यानं सुतळीचा तुकडा दिला.

त्या दिवशी घरी यायला उशीर झाला होता. धुरपदा दुपारपासून एकटीच मेंढरांमागं, गायांमागं, पाण्यामागं. इंजाननं तिसऱ्या हंड्याला टक्कर मारून त्याला पोचा पाडला होता. गेणबा अंगणात शिरला तो गाठी मोजत.

"तेरा!" तो ओरडला. "धुरपदे, तेरा झाल्या!"

"तेरा व्हवू द्या न्हाईतर तेराशे!" धुरपदा पोचा पडलेला हंडा आदळत म्हणाली. "घरात पाण्याचा थेंब न्हाई, आन् हे गावोगाव शब्द येचत्यात. एकदाची जत्रा हू द्या. तुमास्नी लायनीवरच आणते का न्हाई बघा!"

गेणबा जागच्या जागी उडाला. "काय म्हणालीस?"

"लायनीवर आणीन म्हणाले!"

"चौदावी!" त्यानं धुरपदाचे दोन्ही हात धरले आणि अंगणात एक गिरकी घेतली. गाया उभ्या राहिल्या. "तीस वर्सं म्हणतियास, आन् मी बाहेर हिंडतोय!" धुरपदाला हसू आलं, ते तिनं पदराआड ढकललं. त्यानं तिथंच गाठ मारली. तिच्यात काही वस्तू घालायची राहिली. पण घालायची कशाला? बायको समोर उभी, वाक्य रोजचं. ही काय इसरायची हाय व्हय?

उरलेल्या गाठींसाठी तो कारेगावला गेला. कारखान्यांतले कामगार तिथं खोल्या करून राहतात. शिफ्ट सुटायच्या वेळेला त्यानं रस्त्यातच एकाला अडवलं.

"भाऊ, लाइन?"

"तीन नंबर," तो बिहारकडचा माणूस चालता चालता म्हणाला. "आप कौन से पे हो?"

"मी मेन लाइनवर," गेणबा म्हणाला.

"अरे बाप रे! मेन लाइन! सुपरवायझर हो क्या?"

गेणबा नाही म्हणाला नाही. त्या माणसानं त्याला खोलीवर नेऊन चहा पाजला, आणि आपल्या लाइनवर पट्ट्यावरून माल कसा सरकत येतो, थांबला तर सगळे कसे थांबतात, ते हातवारे करून सांगितलं. निघताना एक स्टिकर दिलं. पुढच्या चार दिवसांत क्रिकेटवाल्यानं एक दिली, टेलिफोन बूथवाल्यानं एक, घराच्या पायासाठी पांढऱ्या फक्कीची रेघ मारणाऱ्या मिस्त्रीनं एक, गाण्याची पहिली लाइन विसरलेल्या बँडवाल्यानं एक, आणि शुगर बॉर्डर लाइनला असलेल्या एका सरपंचांनी गोड पेढा खात खात एक दिली. शेवटची आली ती एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरकडून. "सायेबाकडं डायरेक लाइन लावून देतो," तो म्हणाला. गेणबानं लाइन नको, फक्त शब्द दे, असं सांगितलं. एवढ्या स्वस्तात सुटलेला माणूस त्या ड्रायव्हरनं आधी पाहिला नव्हता.

एकवीस झाल्या. जत्रेला दोन दिवस बाकी होते. गेणबानं त्या संध्याकाळी इंजानला सगळी दोरी वाचून दाखवली आणि तोटी कुठं बसवायची ती जागाही. पण चौदावीपाशी बोट आलं तेव्हा पलीकडून धुरपदानं हाक मारली, म्हणून ती एवढी राहिली.

ठरल्या संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं झाडून सगळं गाव होतं. फक्त धुरपदा घरी थांबली. "इंजानला काय तरी कळलंय," ती म्हणाली, "खाईना. मी बसते त्याच्यापाशी." सायली पायरीवर डिक्शनरी मांडीवर घेऊन बसली. हौसराव नव्या फेट्यात. गेणबानं कमरेची दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी धरली.

काय सुरुवात होती! ग्रीसला बोट लागलं आणि रूळ आले, पाइप आला, तार आली, रॉकेलला लोक नाक धरून हसले. पोपटरावांचा गजरा आला तेव्हा पोरींच्या बाजूनं शिट्टी आली. गेणबा गिताबाईचा आवाज काढत होता, नर्सचा सुस्कारा टाकत होता. हौसरावही हसत होते आणि हसताना फेटा सांभाळत होते. तेरावी झाली. गवंड्याची सुतळी.

चौदावी गाठ त्याच्या बोटात आली. रिकामी.

त्यानं ती चोळली. वास घेतला. कानापाशी नेली. दोन माणसं हसली, मग हसणं थांबलं.

"काय तरी लई भारी व्हतं," गेणबा म्हणाला. "मी नाचलो व्हतो बघा."

"कुठं नाचलास?" जालिंदरनं मदत केली. "दौंडला?"

"घरातच वाटतं."

"घरात कोण हुतं?"

गेणबा विचार करून म्हणाला, "कुणी न्हाई. आम्हीच."

सायलीनं त्याला पुढच्या सात म्हणून घ्यायला लावल्या. त्या सगळ्या बिनचूक आल्या. मग ती पुन्हा चौदावीवर आली, तीन वेळा. सूर्य मावळेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि सूर्य नेमका वेळेवर मावळला.

"वीस," सायली म्हणाली. "मामा, वीसच धरता येतील."

हौसराव उठले. ते जिंकले होते आणि त्यांना फारसं बरं वाटत नव्हतं. पण देवाला बोललेलं होतं. "उद्या सकाळी आण," एवढंच ते म्हणाले.

गेणबानं घरी येऊन बायकोला सांगितलं, "एक आठवली न्हाई." धुरपदानं कुठली ते विचारलं. "चौदावी," तो म्हणाला. तिचं सगळं लक्ष इंजानकडं, आकड्यावरून तिला काही आठवलं नाही. ती उठली, फडताळातून जवसाच्या तेलाची बाटली काढली. चटणीपुरतं जवस त्यांच्या बांधावर व्हायचं, उरलेलं तळेगावच्या घाण्यावर दिलेलं होतं. ते तेल ती एरवी इंजानच्या शिंगांना लावायची.

"नवरदेवागत जायला पायजे त्यानं," ती म्हणाली. आणि पहाटे उठून तिनं इंजानला शिंगापासून खुरापर्यंत तेल लावलं. कानात, मानेला, पाठीवर, पोटाखाली, सगळी बाटली. लोकर अशी चमकायला लागली की उजाडल्यावर गेणबाला एक क्षण तो दुसऱ्याचाच मेंढा वाटला. असल्या कामाला मेंढ्याला असं न्हाऊ-माखू घालणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नसेल. रडत रडत लावल्यामुळं तिला प्रमाणाचं भान राहिलं नाही.

देवळापुढं ढोल सुरू होते. पुजारी रखमाजीनं इंजानच्या कपाळाला भंडारा लावला आणि तांब्या उचलला. सगळ्यांना ठाऊक असलेली रीत अशी की जनावराच्या अंगावर पाणी टाकायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं घेतलं. झाडलं नाही तर देवाला नको आहे. तीनदा विचारायचं. चौथ्यांदा कुणी विचारत नाही. देव म्हणजे काही ऑफिस नव्हे.

पहिला तांब्या पडला. पाणी इंजानच्या पाठीवरून मोत्यांसारखं घरंगळत खाली गेलं. इंजान उभा.

"पुन्हा," हौसराव म्हणाले.

दुसरा तांब्या डोक्यावर. पाणी दोन्ही शिंगांवरून दोन बाजूंना गेलं. इंजाननं डोळा मिटला आणि उघडला. ढोल थांबले. मालगाडीला न हललेलं जनावर ते, तांब्याला काय हलणार?

तिसऱ्यांदा रखमाजीनं कानात धार सोडली. कान चमकला, पाणी बाहेर आलं. इंजाननं शांतपणे रखमाजीच्या ओटीतलं खोबरं खाल्लं.

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "देवाला नगं."

जो गलका उठला तो दौंडपर्यंत गेला असावा. भंडारा उधळला, कुणीतरी मेंढ्याऐवजी गेणबालाच खांद्यावर घेऊन हार घातला, मग चूक लक्षात आल्यावर हार मेंढ्याच्या गळ्यात गेला. हौसराव पुढं झाले, त्यांनी इंजानच्या पाठीवरून हात फिरवला आणि हाताकडं बघितलं.

"तेल!" ते म्हणाले. "ह्याला तेल लावलंय! पाणी कातड्यापतुर गेलंच न्हाई. साबणानं धुवा आन् परत इचारा."

"चौथ्यांदा?" रखमाजी म्हणाला. "तुमी इचारा आबा. मी तांब्या खाली ठिवतो."

हौसरावांनी तांब्याकडं बघितलं. मोटार नदीवर होती, उन्हाळा निम्मा बाकी होता. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. "काय लावलं गं?" त्यांनी धुरपदाला विचारलं.

"जवस," धुरपदा घाबरून म्हणाली. "घरचंच हाय, आबा."

पायरीवरून सायली ओरडली. तिनं डिक्शनरी उघडली आणि बोट ठेवलं, मिटली, पुन्हा उघडली. "आबा, थांबा! मी रात्रभर हेच बघत होते. लाइन म्हणजे आधी दोरी. गवंड्याची असते तशी. आणि ती दोरी कशाची? जवसाच्या झाडाच्या धाग्याची! तिकडच्या जुन्या भाषेत जवसाला जे नाव होतं त्यावरनंच दोरीचं नाव पडलं, दोरीवरनं लाइन. आणि मामा, तुमच्या शिंप्याचं लायनिंगपण त्यातलंच, जवसाच्या कापडाचं!"

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग गेणबाला समजलं. त्यानं कमरेच्या दोरीकडं बघितलं, मग तेलानं चमकणाऱ्या मेंढ्याकडं, मग हौसरावांकडं.

"म्हंजी आबा," तो हळू म्हणाला, "लाइन तुमची बी न्हाई, माझी बी न्हाई. धुरपदाच्या बाटलीतली!"

यावर हौसराव हसले. ते हसायला लागले की थांबत नसत. फेटा सुटला, तो जालिंदरनं गुंडाळायला घेतला. देवाला त्यांनी त्या दिवशी पाच नारळ फोडले, आणि मोटार उन्हाळाभर चालली. नळाचं गेणबानंच विचारलं. सायलीनं निकाल दिला: हे शब्दाचं मूळ आहे, अर्थ नव्हे, आणि तेही पुस्तकातलं, शिवाय वेळ संपल्यावर आलेलं. पैज वीसवरच राहिली. मेंढा देवानं सोडला, नळ पंचानं अडवला. नात खरंच आज्याच्या वर होती.

संध्याकाळी घरी इंजान खाटेखाली घुसून झोपला. तेलाच्या वासानं माश्याही जवळ येत नव्हत्या. धुरपदा दोरी हातात घेऊन एकेक गाठ चाचपत होती. पोपटरावांचा गजरा आता वाळला होता, तो तिनं हुंगला.

"ही बाई भली दिसती," ती म्हणाली. "आन् ही गाठ कारेगावची. आन् माझी कुठली?"

"तुझी?"

"व्हय माझी. तुमी मला धरून नाचला न्हाई का? गाया बुजल्या. मी म्हणाले न्हाई का, लायनीवर आणते—"

ती थांबली. खाटेखाली इंजान घोरत होता. तिनं बोटांनी मोजायला सुरुवात केली, तेरा, चौदा, आणि रिकाम्या गाठीवर अंगठा ठेवला.

"हीच नव्हं ती?"

गेणबानं मान डोलावली.

"म्हंजी," धुरपदा फार सावकाश म्हणाली, "समद्या मुलखातल्या बाया आठवल्या. रॉकेलवाली आठवली. नर्स आठवली. आन् माझ्यापाशी नळ अडला."

त्या दिवसापासून पाऊण मैलावरचा हंडा गेणबा आणतो. सकाळी रुळावर जायच्या आधी दोन, आल्यावर दोन. हातोडा उजव्या खांद्यावर, हंडा डाव्या. जालिंदर हॉटेलातून रोज ओरडतो, "गेणबा, कुठल्या लायनीत हाईस आता?" गेणबा हंडा न सांडता मान वळवतो. "घरच्या," तो म्हणतो. "तिनं आणलं."